दोन नावांची पाकिटं

सांगलीतल्या आमच्या रुग्णालयात एक्स-रेच्या फिल्म सांभाळायला चांदसाहेब मुजावर सव्वीस वर्षं होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. जुन्या फिल्म स्कॅन करून संगणकात भरायला मी रुजू झालो, तेव्हा कपाटात काही पाकिटं दोन-दोन एकत्र, सुतळीनं बांधलेली दिसली. नावं मात्र वेगवेगळी.

"चाचा, हे काय?"

"एकाच बाईची हायती. एक माहेरच्या नावाचं, एक सासरच्या. नाव बदललं म्हणून बरगड्या बदलत्यात व्हय?"

संगणकात एका पाकिटाला एकच नाव, एकच क्रमांक. मी सुतळ्या कापत गेलो. "जोड्या तेवढ्या लिहून ठेवा, सायेब," चाचा दोनदा म्हणाले. नंतर बघू, असं मी म्हणालो. काम मुदतीआधी संपलं, माझं कौतुक झालं. फिल्म भंगारात गेल्या. चाचांना फाटकावर गाड्या लावायला नेमलं.

पाच महिन्यांनी जतहून संयोगिता आली. खोकला होता, उजव्या फुप्फुसावर डाग होता. डाग जुना असेल तर काळजी नव्हती. नवा असेल तर कॅन्सरचा संशय. डॉक्टरांनी जुना एक्स-रे मागितला. मी नाव टाकलं. मोडलेल्या मनगटाची एक फिल्म आली, छातीची एकही नाही. मग तपासणीसाठी सुईनं डागाचा तुकडा काढायचं ठरलं. सुईनं फुप्फुसाला भोक पडलं, छातीत हवा साठली, नळी घालावी लागली.

तिची आई राहीबाई फाटकापाशी बसून होत्या. चाचांनी त्यांच्याकडं चौकशी केली आणि तडक माझ्याकडं आले. "माहेरचं नाव अंकिता. टाका."

दहा वर्षांपूर्वीची फिल्म उघडली. तोच डाग, तेवढाच.

राहीबाईंना ते मीच जाऊन सांगितलं.

"मग टोचलं कशाला?"



दुसऱ्या दिवसापासून ड्युटी सुटली की चाचांना शेजारी बसवून मी नावं वाचायला लागलो. तीन दिवसांत एकोणीस जोड्या जमल्या. मी कापलेल्या सुतळ्या चारशेच्या वर होत्या.

"पाकीट हातात आलं की आठवायचं," चाचा पडद्याकडं बघत म्हणाले. "हितं समदी सारखीच दिसत्यात."

मी पुढचं नाव वाचलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.