वाऱ्याला खांदा

तांडेलांवर अन्याय झाला तो गेल्या फाल्गुनात, मतदानाच्या आधीच्या बुधवारी, दुपारी चारला दहा मिनिटं कमी असताना, भाट्याच्या खाडीवरच्या पुलावर. वेळ मी मुद्दाम नेमकी सांगते आहे, कारण पंचनाम्यात ती 'सायंकाळच्या सुमारास' अशी लिहिली आहे. त्याच पंचनाम्यात पुढे म्हटलं आहे की, 'चालकाने निष्काळजीपणे व भरधाव वेगाने वाहन विरुद्ध बाजूस नेले.' तांडेल मोटरसायकल पस्तिसाच्या पुढे नेत नसत. हे वाक्य खोटं आहे. ज्याने लिहिलं त्याने न विचारता लिहिलं, आणि ते लिहिलं जाण्याची वेळ यायला मीही कारण आहे. दोन्ही सांगणार आहे.

ज्यांनी तांडेलांना पाहिलंय त्यांना आधी आठवेल ती त्यांची उभं राहण्याची तऱ्हा. बोलताना ते माणसाकडे बघत नसत. गाल समुद्राकडे करायचे, मान जराशी तिरकी, आणि उत्तर द्यायचे ते भलतीकडेच तोंड करून. नवख्याला वाटायचं, म्हातारा शिष्ट दिसतोय. चाळीस वर्षं त्यांनी मासेमारीची बोट चालवली होती. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचे जीवही. वारा गालावर घेऊन ओळखायची सवय त्यांना जमिनीवर आल्यावरही सोडेना. मांडवीला स्वतःच्या ओट्यावर चहा पितानासुद्धा बशी एकीकडे आणि तोंड दुसरीकडे.

माझा भाऊ नोकरीला मुंबईला गेला आणि त्याची मोटरसायकल माझ्याकडे आली. तशी माझ्याबरोबरची सगळीच मुंबई-पुण्याला गेली. मागे उरले मी आणि आमची शाळा बचाव समिती. समिती म्हणायला सात जणांची, पत्रकं वाटायला मी एकटी. पोरं कमी म्हणून वाड्यांवरच्या शाळांना कुलूप लावायचं चाललंय, त्याचा जाब विचारायचा तर वाडीवाडीत जायला हवं, आणि दिवसाला दोन एसट्यांवर चळवळ चालत नाही. गाडी शिकून पंधरा दिवस झाले होते. हातखंब्यापर्यंत एकटी जाऊन आले होते, म्हणजे स्वतःला फार समजत होते. पुलावर पहिल्यांदा चढले ती भर दुपारी. मधोमध पोचले आणि उजवीकडून कुणी धक्का द्यावा तशी गाडी कठड्याकडे सरकली. मी हँडल आवळलं, ब्रेक दाबला. गाडी डुगडुगली आणि बंद पडली. मागे बांधलेला पत्रकांचा गठ्ठा सुटला, आणि माझं आठवड्याचं काम खाडीत उडालं.

मागून जुन्या मोटरसायकलवर एक म्हातारा सावकाश आला आणि थांबला. माझ्याकडे न बघता पाण्यावरच्या कागदांकडे बघत म्हणाला, "काय लिहिलंय गो त्यावर?"

"शाळा बंद करू नका."

"बरं झालं. खाडीतली बोय मासळी शिकेल आता."

मी रडायच्या बेतात होते. त्यांनी माझी गाडी कठड्याशी धरली, स्टँडवर नाही, स्वतःच्या मांडीला टेकवून. म्हणाले, "वाऱ्याशी भांडतंस कशाला? तो काय सरकार आहे?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मी मागितली नव्हती. "उद्या सहाला ये," एवढंच सांगून ते गेले होते. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, अगदी मऊ. तांडेल म्हणायचे, "आधी ह्याच्याशी ओळख कर. दुपारचा खारा वारा मग बघू." पहिले आठ दिवस त्यांनी मला फक्त मुठी सोडायला शिकवलं. मूठ ढिली, गुडघे घट्ट. गाडी धरायची ती गुडघ्यांनी, टाकीला. हातांनी नुसतं सांगायचं. "सुकाणू आवळतो तो खलाशी पहिला दमतो," ते म्हणत, आणि माझ्या बोटांकडे बघून, "पांढरी पडलीत. कोणाचा गळा धरलायस?"

मग एके दुपारी त्यांनी ते वाक्य सांगितलं. "वाऱ्याला खांदा दे." वारा ज्या अंगाने येतो त्या अंगाचा खांदा जरासा खाली घ्यायचा, गाडी वाऱ्यावर किंचित रेलू द्यायची. वारा कमी झाला की खांदा काढून घ्यायचा, तोही सावकाश.

"खांदा मढ्याला देतात, आबा."

"मढ्याला चौघं लागतात. वाऱ्याला एकटा पुरतो. एकट्या माणसाचं काम आहे हे. म्हणून तुला जमेल."

त्या वाक्याचा मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला असणार. पण त्या दुपारी मी पूल पहिल्यांदा न थांबता ओलांडला.

मोठ्या गाड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. जाताना समोरून एसटी आली की ती समुद्राच्या बाजूने जाते आणि क्षणभर वारा अडतो. "मेला असं समजू नकोस," ते बजावत. "ती सरली की अडलेला सगळा एकदम अंगावर येतो." आणि शेवटचं कायम तेच: जाताना वारा कठड्याकडे लोटतो, येताना समोरच्या गाड्यांकडे. "जाताना भ्यायलीस तर चालेल. येताना शुद्धीत राहा." हे लक्षात ठेवा. हेच शिकवणाऱ्या माणसाला पंचनाम्यात निष्काळजी लिहिलं आहे.

आमचं भांडण एकाच गोष्टीवर झालं, हेल्मेटवर. ते डोक्याला पंचा गुंडाळून गाडी चालवत. मी त्यांना पत्रकातल्या भाषेत सुनावलं, कायद्यासकट. ते म्हणाले, "तोंड झाकलं तर वारा कळायचा कशानं?" आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी हेल्मेट घालून आले आणि हातात बोटीवरच्या निशाणाची एक लाल पट्टी. ती त्यांनी पुलाच्या मधल्या दिव्याच्या खांबाला बांधली. "गालाचं काम आता डोळ्यांकडे," म्हणाले. फडकं लोंबत असलं तर जायचं. हलत असलं तर खांदा तयार ठेवायचा. आडवं ताठ झालं तर पुलाच्या तोंडाशीच थांबायचं. "मी विडी ओढतो, तू पत्रक वाच."

हळूहळू बाकीचेही त्या फडक्याकडे बघू लागले. स्कूटीवर मासळीची टोपली घेऊन जाणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं. एकदा एक अनोळखी मुलगी पुलाच्या तोंडाशी फडक्याकडे बघत थांबली होती. तांडेल तिच्याकडे किती तरी वेळ चोरून पाहत राहिले. बोटीवर आता त्यांना कोणी वारा विचारत नव्हतं. "वारा हल्ली फोनात असतो," ते म्हणायचे. मुलगा परदेशी जहाजावर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. कोणी आपल्याला काही विचारावं, असं त्यांच्याकडे ते एक फडकंच राहिलं होतं.

आता माझा भाग. माघ संपता संपता पट्टी विरली. तांडेल नवी शोधत होते, मी म्हटलं, मी बांधते. घरात आमचा जुना कापडी बॅनर होता, जाड लाल कापड, त्यावर पांढरी अक्षरं: शाळा बंद करू नका. मी मधली पट्टी कापली, खांबाला गाठ मारली आणि पुढच्या वाडीला गेले. अक्षरांकडे लक्षही गेलं नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. त्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, भरारी पथक पुलावरून गेलं आणि त्यांनी खांबावर वाचलं, 'बंद करू'. झालं. बंदची चिथावणी म्हणून पट्टी उतरवली, पाकिटात घातली, पाकिटाला सील केलं. बंद कोणाचा, कशासाठी, कोणत्या दिवशी, एकानेही विचारलं नाही. ही पट्टी इथे कशाला असेल, हेही नाही. मला हे कळलं गुरुवारी.

बुधवारी तांडेल नेहमीप्रमाणे पलीकडे सुरूच्या बनापर्यंत गेले. अडीचला जाताना वारा पडलेला होता. खांबाकडे बघितलं, काही हलताना दिसलं नाही, तसेच पार झाले. परत निघाले तेव्हा बनाच्या आडोशाला वारा लागत नव्हता, तोंडावर हेल्मेटची काच होती. त्यांनी पुन्हा खांबाकडे बघितलं. एका डोळ्यात मोतीबिंदू. "वाटलं, फडकं गळून खांबाला चिकटलंय," ते मला नंतर म्हणाले. "नव्हतंच गो ते." पुलाच्या मधोमध खाऱ्या वाऱ्याने त्यांना डाव्या अंगाने गाठलं. गाडी समोरच्या बाजूला गेली आणि आडवी झाली. ते कुणाला धडकले नाहीत, त्यांना कुणी धडकलं नाही. एका रिक्षावाल्याने उचलून इस्पितळात आणलं आणि नाव न सांगता तो निघून गेला. गाडी विरुद्ध बाजूला सापडली, एवढ्यावरून वाक्य तयार झालं.

खुबा मोडला होता. खाटेजवळची खिडकी खिळे मारून बंद केलेली, वारा म्हणून नव्हता. मी गेले तर त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा कळलं.

पंचनामा मीच वाचून दाखवला. दाखवायला नको होता, पण त्यांनी मागितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत एक माणूस कमी करून बंदराला आलो नाही."

मग मी पट्टीचं सांगितलं. कापड कोणतं, अक्षरं कोणती, सगळं. शिव्या खायची तयारी ठेवली होती.

"'बंद करू' लिहिलं होतंस?" ते हसायला लागले, खुबा दुखला तसे थांबले. "मग वाऱ्यानं तरी ऐकायचं होतं."

"आबा, चूक माझी आहे."

"तुझं राहू दे. तो एक शब्द काढ तेवढा. भरधाव म्हणाले तर म्हणू देत, पोरांत वट वाढेल. निष्काळजी नको."

तीन आठवड्यांनी छातीत कफ भरून ते गेले. मुलगा भर समुद्रात होता, त्याने फोनवर ऐकलं. मांडवीतली धडधाकट पुरुष माणसं बोटींवर गेलेली, मागे त्यांच्याच वयाचे म्हातारे. स्मशानाच्या वाटेत एकाला धाप लागली आणि अदलाबदलीला कोणी उरलं नाही. मी पुढे झाले. बाईमाणूस, म्हणून कोणीतरी खाकरलं. वारा उजवीकडून होता, आणि माझा खांदाही उजवाच होता.

शब्द काढण्यासाठी मी अर्ज केला. उत्तर आलं की प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, आणि अर्जदार ही हितसंबंधी व्यक्ती आहे. बरोबर आहे. माझा हितसंबंध आहे. पट्टी अजून सरकारी पाकिटात आहे, खांब मोकळा आहे. मी रोज त्याखालून जाते, येताना डावा खांदा देते, आणि मागे कोणी सावकाश येत नसतं. परवा एका वाडीत बोलत असताना तिथले मास्तर म्हणाले, "ताई, जरा माझ्याकडे बघून बोला की." मी गाल फिरवून उभी होते.

तुम्ही हे वाचताय आणि रत्नागिरीचे आहात, म्हणजे तो पूल तुम्ही दुचाकीवरून ओलांडलेला आहे. वाऱ्याने तुमची गाडी कधीतरी हातभर सरकवलेली आहे, आणि घरी येऊन तुम्ही ते कोणाला सांगितलेलं नाही. तेव्हा तुम्ही निष्काळजी होता का? नव्हता, तर तसं लिहून द्या. एक कागद घ्या. दिवस लिहा, वेळ लिहा, 'सुमारास' लिहू नका. वारा कोणत्या अंगाने आला आणि गाडी कुठे गेली ते लिहा, खाली सही करा. रविवारी सकाळी मी मांडवीला तांडेलांच्या ओट्यावर बसलेली असते. कागद तिथे आणून द्या. आणि येताना एक लाल फडकं आणा. कोरं.