खुशीनं सोडलेली जागा

त्यानं माझी दस्ती पेनाच्या टोकानं उचलली, अंगापासून हातभर लांब धरली आणि हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ये किसका है?"

दस्ती म्हणजे आमच्याकडे हातरुमाल. मी तेव्हा संडासातून ओले हात झटकत येत होतो, कारण हात पुसायची दस्ती खुर्चीवर होती. म्हणालो, "माही हाय साहेब. जागा धरली होती."

निळा कोट, छातीवर नावाची पाटी. विमान कंपनीच्या काउंटरवर बसणारा माणूस. त्याच्या मागं काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ चाकाची बॅग घेऊन उभा होता. निळ्या कोटानं दस्ती माझ्या अंगावर टाकली, खुर्ची चष्म्याला दिली आणि म्हणाला, "काका, ये बस स्टँड नहीं है."

लोक हसले. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यांदा मीच. अपमान करणाऱ्याला अवघड वाटू नये याची काळजी घेणारी आमची जात असते माणसांची.

आता माझा मूर्खपणा सांगतो, कारण तो लपवून ही गोष्ट सांगता येत नाही.

मी सोनाळ्याचा. पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांचं वायंडिंग करून देतो. वय बावन्न. विमानात पहिल्यांदाच बसणार होतो, नागपूरहून बंगळूरला. तिकीट भाच्यानं तिकडूनच काढलं होतं. त्यानं फोनवर सांगितलं, "मामा, मोबाईलवर मेसेज येईन, त्यातून चेक-इन करून घे." मेसेज आला. त्यात निळी लिंक होती. आणि लिंक उघडू नका, उघडली की खातं साफ, असं बँकवाले वर्षभर कानीकपाळी ओरडून राह्यले. मी मेसेज पुसून टाकला आणि वर भाच्याला सांगितलं, "हाव, केलं." माझ्या हिशेबानं चेक-इन म्हणजे वेळेच्या आधी हजर राहणं. विमान दुपारी तीनचं. पहाटेच्या गाडीनं शेगाव सोडलं आणि दहाला मी विमानतळावर हजर. माझ्याइतकं चेक-इन कोणी केलं असेल?

काउंटरच्या अगदी समोरची खुर्ची धरली. लोक येत होते, काउंटरवर जात होते, बॅगा पट्ट्यावर टाकत होते. मी पाहत होतो. म्हटलं, ज्याचं सामान आहे त्यानं सामान द्यावं. माझ्याकडे एक थैली. तिच्यात दोन कपडे आणि बाईसाठी घरच्या ज्वारीचं पीठ. मला कशाला जायचं तिथं? विमान लागलं की आवाज देतील. खुर्ची गेल्यावर तिथंच खांबाला टेकून उभा राहिलो. साडेतीन तास मी त्या निळ्या कोटाच्या डोळ्यांसमोर होतो. त्यानं मला पाहिलं. मला हटवण्यासाठी पाहिलं, बोलावण्यासाठी नाही.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, ती चौदाची. मला न्हाऊ घालणारी, शाळेत ओढत नेणारी, मास्तरनं मारलं म्हणून मास्तरच्या दारात जाऊन भांडणारी तीच. म्हातारपणी मुलाकडे बंगळूरला गेली आणि तिथं हृदयाच्या झडपेनं दगा दिला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, ऑपरेशनमध्ये काहीही होऊ शकतं. तिनं भाच्याला सांगितलं, "बाप्पूले पायल्याबिगर मी आत जात नाही." बाप्पू म्हणजे मी. त्या संध्याकाळची सातची वेळ ठरली होती.

दीड वाजता गर्दी जरा पांगली तसा मी सहज म्हणून काउंटरवर गेलो. विमान कोणत्या बाजूला लागते, एवढंच विचारायला. निळ्या कोटानं तिकीट पाहिलं, कळफलक बडवला, तोंड वाकडं केलं.

"आत्ता येताय?"

"मी दहापासून इथंच हाय ना साहेब. तुमच्या समोर."

"फ्लाइट फुल आहे, काका."

"पण तिकीट तं हाय."

"तिकीट आहे. सीट नाही."

तिकीट आहे आणि जागा नाही, हे मला कळेना. एसटीत असं झालं तर माणूस उभ्यानं जातो. माझ्या तोंडून निघून गेलं, "उभ्यानं येतो मंग."

आता हसलं नाही असं त्या रांगेत कोणी उरलं नव्हतं.

काळा चष्मा माझ्या मागंच उभा होता. त्यालाही जागा नव्हती. त्याच्या मागच्या एका बाईंना पण नव्हती, तिशीतल्या, पाठीवर लॅपटॉपची बॅग. कंपनीनं जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली होती आणि आम्ही तिघं वर उरलो होतो. ते दोघं इंग्रजीत बोलायला लागले. चष्म्यानं आवाज चढवला. बाईंनी आवाज चढवला नाही, पण मोबाईलवर काही तरी काढून निळ्या कोटाच्या नाकासमोर धरलं. त्याचा रंग उतरला. "एक मिनिट मॅम, एक मिनिट सर," करत तो आतल्या खोलीत गेला.

परत आला तेव्हा त्याच्या हातात एक छापील कागद होता. तो माझ्याकडे आला. आवाज एकदम गोड. "काका, तुम्हाला उद्या सकाळच्या विमानात पक्की जागा. आज चहा-नाश्ता कंपनीकडून. यहाँ साइन कर दो."

माझं इंग्रजी मोटारीच्या पाटीपुरतं. व्होल्ट, अँपिअर, फेरे. त्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. विचारलं, "हे कायचं हाय?"

"उद्याच्या सीटचं. फॉर्मॅलिटी."

मी म्हणालो, "साहेब, बहिणीचं ऑपरेशन हाय संध्याकाळी."

तो घड्याळाकडे पाहत म्हणाला, "तुम्ही काय ऑपरेशन करणार आहात का?"

मी सही केली. आणि त्यानं सँडविचचं कूपन दिलं तेव्हा म्हणालो, "थँक्यू."

माझा बाप मालकाकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी होता. मी आठ वर्षांचा असताना आम्ही शेगावला निघालो होतो. बापानं एसटीच्या खिडकीतून दस्ती टाकून जागा धरली, मला मांडीवर घेतलं. गाडी सुटायच्या वेळी मालकाचा मुलगा चढला. बाप उठला. नुसता उठला नाही, दस्तीनं सीट झटकून दिली. मी म्हटलं, "आबा, जागा तं आपली होती." बाप म्हणाला, "चूप बे. आपल्याले उभ्यानं जाची सवय हाय." ही गोष्ट मी पुढं तीस वर्षं विनोद म्हणून सांगत आलो. दुकानात चहा पिताना, नक्कल करून. लोक खूप हसत. त्या दिवशी सही करताना माझा हात मला बापासारखा दिसला.

दहा मिनिटांनी लॅपटॉपवाल्या बाई घाईघाईनं माझ्याजवळ आल्या. दुसऱ्या कंपनीचं विमान सव्वातीनला होतं. त्यात दोनच जागा होत्या. एक त्यांना मिळाली, एक चष्म्याला.

"काका, तुम्ही सही का केली?"

"त्यानं मांगितली."

"अहो, जागा देता येत नसेल तर त्यांनी आधी विचारायचं असतं, कोणी आपण होऊन मागं राहतं का म्हणून. कोणी तयार नसेल तर दुसऱ्या विमानानं पाठवायचं. ते नको असेल तर पैसे परत, वर भरपाई. तुमचा कागद काउंटरवर पाहिला मी. त्यावर लिहिलंय, तुम्ही स्वखुशीनं जागा सोडली. तुमच्या सहीमुळेच आमची दोघांची सोय लवकर झाली."

त्यांना वाईट वाटलं होतं, हे खरं. त्या विमान पकडायला पळाल्या, हेही खरं. मी त्यांना दोष देत नाही. मी काउंटरकडे वळलो तर तिथं "बंद" अशी पाटी उभी होती.

तेवढ्यात फोन वाजला. भाच्याचा नंबर, पण आवाज बाईचा. बारीक, दम लागलेला.

"बाप्पू, बसला काय रे?"

आता इथं मी काय बोललो ते मला रोज ऐकू येतं. दुकानात मशीन चालू असते तेव्हा येतं, जेवताना येतं. मी तिला सांगायला पाहिजे होतं की मला बसू दिलं नाही. पण ते सांगायचं म्हणजे दस्ती सांगायची, खांब सांगायचा, थँक्यू सांगायचं. मास्तरच्या दारात माझ्यासाठी भांडलेल्या बाईला मी कोणत्या तोंडानं सांगू की मी काही न बोलता सही करून दिली?

"हाव बाई. बसलो."

"खिडकीपाशी काय?"

"हाव. खिडकीपाशीच."

"भेव नाही ना लागून राह्यलं?"

"नाही वं. मज्या येऊन राह्यली."

ती हसली. "पाय बरं, माहा भाऊ विमानात," असं ती तिथल्या नर्सला म्हणाली, ते मला ऐकू आलं. नर्सला मराठी येत नव्हतं. मग मला म्हणाली, "ये मंग. डॉक्टर सातच्या ऐवजी चारलेच नेतो म्हणते. तू निघाला ना, मंग मी जातो आत. तू येशीन तवर होईन."

मी भाच्याला लगेच फोन करायला पाहिजे होता. सांगायला पाहिजे होतं, बाबा, मी इथंच आहे, एक दिवस थांबता येते का डॉक्टरला विचार. तेही मी केलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याचे सहा फोन आले. एकही उचलला नाही. सुरुवातीला त्याला वाटलं असेल, मामा आकाशात आहे.

रात्र कशी गेली ते सांगणार नाही. सकाळी सहाला फोन उचलला. भाचा रडत नव्हता. एवढंच म्हणाला, "मामा, आई टेबलावरच गेली. तू कुठं आहे?"

बाई एक दिवस थांबली असती तर वाचली असती काय? डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. हे "सांगता येत नाही" माझ्या घरात राहायला आलंय. दार लावलं तरी आतच असतं.

आठला काउंटर उघडलं. तोच निळा कोट. मला पाहून खुलला. "काका! आज तुम्हाला खिडकी दिलीय."

आणि तिकिटासोबत दुसरा कागद पुढं केला. "यहाँ एक साइन."

मी पेन उचललं. हाताला सवय होती. मग पेन खाली ठेवलं.

"हे वाचून दाखवा. मराठीत."

"फॉर्मॅलिटी आहे काका, मागं लाइन आहे."

"लाइन असू द्या. वाचा."

मागून आवाज आले. "चलो ना अंकल." "काका, आम्हाला उशीर होतोय." आयुष्यात मी कोणाची रांग अडवली नव्हती. मला ते विमान पाहिजे होतं, बाईचं तोंड शेवटचं पाहायचं होतं, तिकडे सगळे अंत्यविधी माझ्यासाठी थांबवून बसले होते. तरी मी काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

निळ्या कोटानं वाचलं. नागपूरचाच होता, मराठी चांगलं होतं त्याचं. "काल मी स्वखुशीने माझी जागा सोडली. मला पर्याय समजावून सांगण्यात आले. माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." वाचताना शेवटी शेवटी त्याचा आवाज खाली गेला.

मी म्हणालो, "माही बहीण मेली रातच्याला."

तो म्हणाला, "सॉरी, काका." मग हळूच, "पण साइन तर लागेल."

मी पेन घेतलं आणि त्या कागदावर, छापलेल्या ओळींवर आडवं, मोटारीच्या पावतीवर लिहितो तशा मोठ्या अक्षरात लिहिलं: मी राजी नव्हतो. मला काहीही समजावून सांगितलं नाही. खाली सही केली. मोबाईलनं त्याचा फोटो काढला. आणि म्हणालो, "आता जागा द्या."

त्यानं दिली. कोणी उपकार केल्यासारखं तोंड केलं नाही. मी थँक्यू म्हटलं नाही.

बाईला मी पाहिलं. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

गावी परत आल्यावर कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: प्रवाशाने स्वखुशीने जागा सोडली होती, सही सोबत जोडली आहे. दुसऱ्या कागदाचा उल्लेख नाही. मग बुलडाण्याला ग्राहक आयोगात तक्रार दिली. मागच्या तारखेला कंपनीचे वकील बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले. सभ्य माणूस. म्हणाले, "कंपनी देशात कुठंही जायची-यायची दोन तिकिटं द्यायला तयार आहे. तुमच्यासारख्यासाठी चांगला पर्याय आहे. तुम्हाला नेमकं पाहिजे तरी काय?"

"त्या सहीवरचं 'स्वखुशीनं' खोडा आणि लिहा, 'आम्ही बसू दिलं नाही'."

"असं कोणती कंपनी लिहून देते का हो?"

"मंग लिहेपर्यंत मी येतो."

माझ्या बाजूनं कागद करून देणारे गावातले वकील माझ्यावर चिडून आहेत. तिकिटांसाठी नाही. मी शपथपत्रात एक परिच्छेद स्वतःहून घातला म्हणून: मी माझ्या बहिणीला फोनवर 'विमानात बसलो' असं सांगितलं, ते खोटं होतं, ती त्या खोट्यावर विसंबून आत गेली. वकील म्हणाले, "हे कशाला? याचा ते फायदा घेतील. काढा." मी काढलं नाही.

घेऊ द्या फायदा. माझं खोटं माझ्या सहीनिशी कागदावर आहे. आता त्यांचं त्यांच्या सहीनिशी पाहिजे.