तीन वाजताचं गरम पाणी

माझा धंदा ठिबकच्या नळ्या बसवण्याचा. मोताळ्याच्या आसपास कुणाच्या शेतात पाणी कुठून चढेल आणि कुठे अडेल, हे मी बांधावर उभा राहून सांगतो आणि ते सहसा खरं ठरतं. त्यामुळे पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो समज मायनं उतरवला.

झालं असं की दिवाळीच्या तोंडावर माय गोठ्यात पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा जखडला. चिखलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, सुटेल, पण सावकाश. हात छातीच्या वर जाईना. तरी भाकरी थापणं चालू, गाईला चारा टाकणं चालू, बोलणं तर चालूच. अडलं एका ठिकाणी. अंघोळीचा तांब्या डोक्यापर्यंत जाईना. डावं मनगट तिचं पहिल्यापासून अधू, त्यात भरला तांब्या पेलत नाही. मग अंघोळ घालायचं काम माझ्या बायकोकडे आलं.

या दोघींचं एक सांगायला हवं. अठरा वर्षं त्या एका चुलीवर नांदल्या. भांडायच्या तेही चवीनं, आणि भांडण संपलं की त्याच विषयावर हसायच्या. मी मध्ये तोंड घातलं तर दोघी मिळून मलाच धरायच्या. अंघोळीचा हा प्रकार सुरू झाला आणि माय गप्प झाली. न्हाणीत भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसायची आणि पाणी झालं की 'पुरे' एवढंच म्हणायची. ते गप्प बसणं न्हाणीतून हळूहळू स्वयंपाकघरात आलं.

एक दिवस बायको मला म्हणाली, "आत्याबाई माह्याशी बोलून नाही राह्यल्या. मी पानीच टाकतो ना अंगावर? काही चुकलं काय माह्यं?" तिचे डोळे भरून आले होते. चूक कुणाचीच नव्हती. मायला लाज वाटत होती, आणि लाज वाटते असं म्हणण्यातली ती बाई नाही. मला फार वाईट वाटलं. कधीही वाईट वाटलं, की मी पाना-पक्कड काढतो, दुसरं काही मला येत नाही.

आमचं घर शेतातच, गावाकडे जाणाऱ्या पांदणीला लागून. विजेचे खांब घरापर्यंत आलेले नाहीत. दिव्यांपुरतं सोलर आहे. म्हणजे गिझरचं नाव नको. चुलीवरचं पाणी उंचावर चढवायचं तर पुन्हा दुसऱ्याचेच हात लागणार. मायला हवं होतं ते असं पाणी, जे आपण होऊन तापेल आणि आपण होऊन डोक्यावर पडेल.

ठिबकच्या काळ्या नळीचं एक अख्खं बंडल घरी पडून होतं. ते मी घरावरच्या टिनांवर जिलबीसारखं गोल गोल अंथरलं. एक टोक वरच्या टाकीला जोडलं, दुसरं खाली आणलं. घरामागे नव्या न्हाणीसाठी तुराट्यांचा कूड घालून शेणमातीनं लिपला, खाली फरशी बसवली, सांडपाणी केळीकडे वळवलं. टिनाच्या दाराला आतून कडी लावली. कॉक मायच्या कमरेच्या उंचीवर ठेवला. वर झारी म्हणून फवारणीच्या पंपाचं नोझल लावायला निघालो, तर बायको म्हणाली, "आत्याबाईले काय बोंडअळी लागली काय?" मग स्टीलच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली.

थंडीचे दिवस असूनही दुपारी तीनला नळीतून असं कढत पाणी आलं की मी हात मागे घेतला. दोन बादल्या भरतील एवढं पाणी, काडी न पेटवता. मी मायला न्हाणी दाखवली. तिनं कॉक दोनदा उघडला, दोनदा बंद केला आणि कडी लावून घेतली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा चेहरा उजळला होता. केस मोकळे सोडून ती पांदणीकडच्या उन्हात बसली आणि तिनं बायकोला चहा मागितला. कितीतरी दिवसांनी मागितला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एवढ्यात पांदणीनं शेजारच्या शेतातली बाई कापसाचं गाठोडं घेऊन निघाली होती. तिनं मायचे ओले केस पाहिले, गाठोडं खाली ठेवलं आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं वं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे अंघोळ पहाटेची. दुपारी डोक्यावरून पाणी घेतात ते मयतीहून आल्यावर. मायनं कोणी गेलं नाही म्हणून सांगितलं, पण त्या बाईचा विश्वास बसला नाही. आम्ही दुःख लपवतो आहोत असं तिला वाटलं असावं. दिवस मावळायच्या आत दोन घरची माणसं तोंड पाडून अंगणात येऊन बसली. वरवट बकालहून मायच्या नणंदेच्या मुलाचा फोन आला की माती किती वाजता आहे, आम्ही निघूनच राह्यलो. मी त्याला समजावलं तर तो म्हणाला, "मंग मामी न्हायली काऊन?"

सगळे गेल्यावर माय माझ्याकडे वळली. "तुह्यं पानी म्हंजे वरातीमागून घोडं. न्हाऊन धुऊन लोकं कामाले लागले की ते तापते. मले नाही पाह्यजे."

मी वाद घातला. लोकांचं काय ऐकायचं, म्हणालो. अंगावरून घे, डोकं भिजवू नको, म्हणालो. "उभी धार डोक्यावर पाडून राह्यला, अन् डोकं भिजवू नको म्हंते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा पहाटेची बादली, पुन्हा बायकोच्या हातातला तांब्या आणि पुन्हा ते 'पुरे'. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. मला मायचा रागही आला होता, खोटं कशाला बोलू. आठवडाभर मी त्या न्हाणीकडे पाहिलं नाही.

मायनं मात्र पाहिलं होतं. एक दिवस गोठ्यातून कुटाराची पाटी कमरेवर घेऊन आली. कुटार म्हणजे सोयाबीन काढल्यावर उरणारा भुसा, आमच्याकडे गोठ्यात त्याचा ढीगच असतो. पाटी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "हात घाल यात."

मी घातला. आत ऊब होती.

"सीताफळं काऊन पुरतो आपन कुटारात? ऊब धरून ठेवते म्हणून. तुह्या पान्याले पुर की त्यात. तीनले तापलेलं पहाटच्या पाच वाजेलोक राहीन."

मी लगेच हाव म्हटलं नाही. पाण्यातलं मला कळतं ना. पण दुसऱ्या दिवशी मोताळ्याच्या बाजारातून झाकणाचा ड्रम आणला. न्हाणीला लागून डोक्याच्या उंचीचा दगडी ओटा रचला, त्यावर ड्रम ठेवून तो झारीच्या नळाला जोडला, भोवती हातभर जागा सोडून तुराट्यांचा कूड केला आणि ती जागा कुटारानं ठासून भरली. वरून टीन. दुपारभरात तीन वेळा नळीतलं तापलं पाणी ड्रममध्ये सोडलं. पहिल्या खेपेला जोड गळला, कुटार भिजलं आणि सगळीकडे आंबूस वास सुटला. तेही मायनंच दाखवून दिलं, आनंदानं.

जोड पक्का केल्यावर पहाटे पाचला मी कॉक उघडून पाहिला. कढत नव्हतं, पण छान कोमट-गरम होतं, अंगाला सोसेल असं. माय मागेच उभी होती. "सरक," म्हणाली, आत गेली आणि कडी लावली.

बायको सवयीनं उठली होती. तिनं बादली उचलली, परत ठेवली. चुलीत पऱ्हाट्या सारल्या, परत बाहेर ओढल्या. मग पदराला हात पुसत उंबऱ्यात बसली. "चांगलं झालं," म्हणाली. न्हाणीकडे पाहत पुढे म्हणाली, "पन आता तर त्याईले माह्यं काहीच काम नाही राह्यलं." हे मी केलेलं होतं, आणि ते चांगलंही होतं.

आतलं पाणी थांबलं. कडी निघाल्याचा आवाज आला.

"सूनबाई, ये वं. पाठ राह्यली माही."

बायको उठून गेली. मी अंगणातच थांबलो. आधी घासण्याचा आवाज, मग माय त्या कापूसवाल्या बाईची नक्कल करतेय असं ऐकू आलं, मग दोघींचं हसणं. बायकोनं पाणी सोडायला कॉककडे हात नेला असावा.

"त्याले हात नको लावू," माय म्हणाली. "पानी मी सोडतो. तू घास."