मागून ओरडणाऱ्या काकू

"खरं सांगतेस ना?" शेजारच्या काकू दाराची साखळी न काढताच विचारायच्या. मी खिरीचं भांडं घेऊन उभी असले तरी. डिलिव्हरीवाल्याला तर आधी "हेल्मेट निकालो, चेहरा दिखाओ" असा हुकूम.

असं एखादं माणूस तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल. पण संशय घ्यायची पाळी एकदा आमच्यावर आली.

दुबईतल्या ऊद मेथा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. काकू सहज बोलून गेल्या, "मी वाढले इंग्लंडात. गल्लीतल्या पोरांचा पंक बँड होता. त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये मागून ओरडणाऱ्या मुलींत मी होते."

सुती साडी, गुडघ्याला पट्टा, आणि पंक! बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काकूंना न्यायला आलेला मुलगा हसत म्हणाला, "आईचं मनावर घेऊ नका."

घरी येऊन मी फोनवर अल्बम शोधला. बँड खरा निघाला, पण काकूंचं नाव कुठेच नव्हतं. सकाळी त्यांच्याकडे जाऊन विचारलंच.

"बाबांनी घराबाहेर काढलं असतं. मीच म्हटलं, नाव घालू नका."

उत्तर मला जरा जास्तच सोयीचं वाटलं. काकूंनी ते ओळखलं. "शेवटचं गाणं लाव. संपलं तरी बंद करू नकोस."

गिटारींचा कल्लोळ, आरडाओरडा, आणि बघता बघता खलास. मग कुणीतरी हसलं, आणि एक कोवळा आवाज चक्क मराठीत म्हणाला, "अगं बाई, संपलं पण?"

ऑफिसला निघालेला मुलगा बूट घालता घालता थांबला. "परत लावा."

परत लावलं.

"आई, कधी बोलली नाहीस?"

"बोलले की. तू हसलास."

तो एक बूट हातात धरून तसाच बसून राहिला.

या उन्हाळ्यात काकू बहिणीकडे पुण्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. परवा मुलाने माझी बेल वाजवली. हातात फोन होता.

"पहिल्या गाण्यात मागे तिघी ओरडतात. त्यातली आई कोणती, सांगता येईल तुम्हाला?"

दारातच उभं राहून आम्ही ऐकलं. तिन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले.

"नाही रे," मी म्हणाले.

"मलाही नाही," तो म्हणाला, आणि त्याने गाणं पुन्हा सुरू केलं.