बिनकॅल्शियमची बाटली

जन्मात मटण न चाखता खाटकाकडे सर्वांत आधी नंबर लावणारा माणूस अख्ख्या सदाशिव पेठेत एकच, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. प्राध्यापक असताना भाऊजी आठवड्यातून दोनदा बर्फाचा थर्मास घेऊन दुकानात हजर. हवी असायची बोकडाच्या मूत्रपिंडावरची चिमुकली ग्रंथी. "अहो, त्यात खाण्यासारखं काही नाही," खाटकाने बजावलं. "खायचंय कोणाला? तिला दोन प्रश्न विचारायचेत," भाऊजी म्हणाले. त्या ग्रंथीतल्या पेशी अ‍ॅड्रेनलिनच्या पुड्या बांधून तयार असतात, इशारा मिळाला की बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं आणि तेव्हाच पुड्या बाहेर रित्या होतात, हे मी त्यांच्याकडून मंडईत वांगी निवडतानाही ऐकलंय. पेशी ज्यात ठेवायच्या ते पाणी मात्र ते स्वतःच बनवत. ताई लोणच्याच्या बरणीला कुणाला हात लावू देत नाही, तसंच.

एका वर्षी त्यांच्याकडे वर्ध्याची एक मुलगी संशोधनाला आली. तीन आठवडे तिच्या पेशींनी काही म्हणजे काही सोडलं नाही. सुटलेलं अ‍ॅड्रेनलिन मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ सपाट. शनिवारीही तसंच झालं तर जागा दुसऱ्याला देऊ, असं विभागप्रमुखांनी सांगून टाकलं. "सर, माझा हातच वाईट आहे जी," म्हणत तिने बॅग भरायला घेतली. शनिवारी सकाळी भाऊजींनी त्या महिन्याचं पाणी बनवतानाची स्वतःची वही उघडली. सोडियम, पोटॅशियम, ग्लुकोज, सगळ्यांपुढे खूण होती. कॅल्शियमपुढे नव्हती. दुसरा कुणी गुपचूप चिमूटभर घालून मोकळा झाला असता. भाऊजींनी सगळ्यांना बोलावून फळ्यावर लिहिलं, 'पेशी निर्दोष. विद्यार्थिनी निर्दोष. कॅल्शियम मी विसरलो.' मग कॅल्शियम घातलं, आणि रेघ उसळली. मुलगी राहिली.

आता तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे. गेल्या महिन्यात तिने आम्हाला बोलावलं. फळीवर कॅल्शियम न घातलेल्या पाण्याची बाटली होती, वर चिठ्ठी, 'सरांची बाटली'. "नव्या मुलांना पहिल्या दिवशी हीच देते, सर. रेघ हलत नाही, मुलं घाबरतात, मग तुमचा फळा सांगते." भाऊजींनी चिठ्ठी बराच वेळ पाहिली. "अक्षर बरं आहे," एवढंच म्हणाले. मला मात्र त्या क्षणी त्यांचा मेहुणा असल्याचा फार अभिमान वाटला.

भाऊजींना स्कूटरवर मागे बसवून मी घरी आणलं. दारात ताईने विचारलं, "काय दाखवलं तिने?"

"माझी चूक," ते म्हणाले. "जपून ठेवलीय." आणि खुर्चीत बसून कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.