मोगऱ्याच्या वाफ्यातला लव्हाळा

भुईगावच्या आमच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. काठानं लव्हाळा माजलेला. दर उन्हाळ्यात बावखलाचा गाळ उपसायचा, काठावर पसरून भेगा पडेपर्यंत तापवायचा आणि मगच झाडांना घालायचा, ही वाडीची रीत. गेल्या वर्षी बायकोला मात्र दम निघेना. पुढच्या उन्हाळ्यात लेकीचं लग्न. चर्चमध्ये तिच्या केसांत वेणी असेल तर आपल्याच मोगऱ्याची, हा बाईचा हट्ट. ओला गाळच तिनं मोगऱ्याच्या वाफ्यात टाकून घेतला. "अहो, पाऊस तोंडावर आलाय. तुमच्या उन्हाची वाट कुठवर बघू?"

पाऊस लागला आणि वाफ्यात लव्हाळा उगवला. उगवला कसला, उच्छाद मांडला! "मेल्या, माझाच वाफा सापडला तुला?" म्हणत ती रोज उपटायची. पात हातात यायची, खालचं तिथंच राहायचं, आणि चार दिवसांत पुन्हा दुप्पट.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. एके सकाळी खुरपं घेऊन खोल उकरलं आणि बघतच राहिलो. काळ्या, टणक गाठी, तारेसारख्या दांड्यांनी एकीला एक जोडलेल्या. दांड्याचं टोक असं अणकुचीदार, की मातीत पडलेली प्लास्टिकची पिशवी भोसकून पलीकडे गेलेलं. गाठींची ही माळ अखंड असते तोवर मागच्या गाठी गप्प झोपून राहतात. ती तुटली की जाग्या होतात आणि आपापली पात वर काढतात. म्हणजे बायको उपटत होती तेव्हा त्यांना उठवत होती! उन्हात तापलेल्या गाळात याच गाठी सुकून मरतात.

"अगं, काय अक्कल आहे बघ याला!" मी ओरडलो. "आणि हे गवतसुद्धा नाही. गवताचा दांडा गोल असतो, त्याला पेरं असतात. हा बघ तीन धारांचा, पेर म्हणून नाही."

"मग लेकीच्या केसांत हाच माळा, मास्तर," ती म्हणाली आणि खाली बसून पुन्हा उपटायला लागली.

मग मोठा पाऊस आला. आजूबाजूला भराव झाल्यापासून पाण्याला वाट राहिलेली नाही; वाफा कितीतरी दिवस पाण्याखाली राहिला. पाणी ओसरलं तेव्हा मोगरा काळा पडला होता. हात लावला की साल सुटायची. एकही झाड जगलं नाही. लव्हाळा मात्र हिरवागार, जणू काही झालंच नव्हतं.

मी एक दांडा बुडाशी कापला, तिच्यापुढे धरला. आतून स्पंजासारखा, बारीक पोकळ्यांनी भरलेला. "बघ, वरची हवा या वाटेनं खाली मुळापर्यंत जाते. पाण्यात बुडूनही हा श्वास घेतो. देवाची करणी बघ!"

तिनं दांडा हातात घेतला, बोटानं दाबून पाहिला. मला वाटलं, आता चिडेल. तिचे डोळे भरून आले.

"मग माझ्या मोगऱ्याला का नाही दिलं त्यानं हे?"

मी खुरपं उचललं, तिच्या शेजारी चिखलात बसलो. उपटलं की दुप्पट येणार हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी दिवे लागेपर्यंत आम्ही दोघं उपटत राहिलो.