पालकाची सही न झालेलं पत्र

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये जागा मिळाली की मी डोळे मिटून घेते. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या सरकारी शाळेत मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्याला आता बरीच वर्षं झाली. शिकवण्यानं मी फारशी थकले नाही. थकवलं ते बारावीच्या निकालानंतरच्या दोन महिन्यांनी. कॉलेजचे ऑनलाइन फॉर्म, छात्रवृत्तीचे म्हणजे शिष्यवृत्तीचे फॉर्म, उत्पन्नाचं आय प्रमाणपत्र, रहिवासाचं मूल निवासी प्रमाणपत्र, आधार कार्डावर नावाचं एक स्पेलिंग आणि मार्कशीटवर दुसरं. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. एका उन्हाळ्यात एका मुलीला फॉर्म भरून दिला, पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण चार मैत्रिणींना घेऊन आली, आणि मग ते माझंच होऊन बसलं.

त्यातलं सगळ्यात नकोसं काम म्हणजे पत्रं. सरकारी छात्रवृत्तीला कागदपत्रं पुरतात, पण खाजगी ट्रस्टना फॉर्मसोबत एक पानभर मजकूर हवा असतो: घरची परिस्थिती काय आणि मदत कशासाठी हवी. आमची मुलं शिकतात हिंदीत, घरी बोलतात मराठी, आणि स्वतःबद्दल दोन्हींत कधीच काही लिहीत नाहीत. म्हणून ती पत्रं मीच लिहून द्यायचे. लिहून लिहून मला कळलं होतं की कोणतं वाक्य वाचून ट्रस्टवाले थांबतात. आईचं आजारपण पहिल्या परिच्छेदात यायला हवं. गुण शेवटी.

चार वर्षांपूर्वी मोहगावची एक मुलगी आली. उंच, कमी बोलणारी, माझ्याच वर्गातली. तिला नागपूरला नर्सिंग करायचं होतं. कॉलेज खाजगी होतं, शिवाय दुसऱ्या राज्यातलं. म्हणून नागपूरच्या एका ट्रस्टचा फॉर्म ती मैत्रिणीकडून घेऊन आली होती. मी नेहमीचे प्रश्न विचारले.

"वडील काय करतात?"

"नगर पंचायतीत नळ सोडतात."

"पक्की नोकरी आहे?"

"नाई मॅडम, रोजीनं."

"आणि त्यांच्या हाताला काय झालंय म्हणालीस?"

"मी लहान होती तवा जिनिंगमध्ये दोन बोटं गेली. उजव्या हाताची."

त्या दिवशी माझ्यासमोर अजून सहा मुलं बसली होती. मी भराभर लिहून काढलं: कापसाच्या कारखान्यातील अपघातात हात निकामी झाल्यामुळे वडील काम करण्यास असमर्थ आहेत, आई शेतमजुरी करून एकटीच घर ओढते आहे. तिला वाचून दाखवलं. "चालेल ना?" तिनं मान हलवली. पालकाची सही घेऊन परवापर्यंत आण, म्हणून मी कागद तिच्या हातात दिला आणि पुढच्या मुलाचं आधार कार्ड मागितलं.

दोन दिवसांनी दुपारी मी डबा उघडत होते, तेव्हा तिचे वडील आले. शाळा अजून भरत नव्हती; प्रवेशाच्या कामासाठी आम्ही दोघं-तिघं तेवढे येत होतो. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मुलगी मागे व्हरांड्यातच थांबली.

"जयभीम मॅडम. मी मोहगावहून आलो. ह्या पोरीचा बाप."

"जयभीम. बसा भाऊ. सही केली ना?"

"नाई केली."

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, टेबलावर ठेवला आणि तळव्यानं सपाट केला.

"मले वाचता येते मॅडम. मराठी शाळेत सातवीलोक शिकलो. सावकाश वाचतो, पण पुरं वाचतो. ह्यात लिहिलं हाय का मी काम करू शकत नाई."

मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर त्याआधी राग आला. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. सकाळपासून सर्व्हर बंद-चालू होत होता. मी म्हटलं, "भाऊ, हे ट्रस्टवाल्यांसाठी असतं. त्यांच्याकडे फॉर्मचे ढीग येतात. थोडं जोर देऊन लिहावं लागतं. तुम्हाला कमी दाखवायचं नव्हतं मला."

"तुमी वाईट मनानं नाई लिहिलं, ते समजते. पण मंग मी इतके वर्षं काय करून राहिलो? पहाटे उठून वार्डावार्डात व्हॉल्व्ह खोलतो. पाना उजव्या हातानं धरता येत नाई, तं डाव्यानं शिकलो. एक दिवस मी नाई गेलो तं अर्ध्या गावाले पाणी नाई." त्यांनी आवाज खाली आणला. "परवापासून घरी कोनी धड बोलून नाई राहिलं. पोरीच्या मायनं हे वाचून घेतलं तिच्याकडून. ती म्हणते, पोरीनं असं सांगितलंच कसं. पोरगी म्हणते, मी नाई सांगितलं."

मी व्हरांड्याकडे पाहिलं. मुलगी आमच्याकडे पाठ करून उभी होती. तिनं खरंच सांगितलं नव्हतं. तिनं फक्त मान हलवली होती, आणि बाईंसमोर मान हलवण्यापलीकडे आमची मुलं दुसरं काय करतात, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"मग तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "मी लिहिते."

ते सांगत गेले. वडिलांचा उजवा हात अधू आहे, तरी ते गावाच्या पाणीपुरवठ्याचं काम करतात. आई संत्र्याच्या हंगामात बगीच्यात तोडणीला जाते, एरवी कापूस वेचायला. घर चालतं. घरात आजारी कोणी नाही. नागपूरच्या कॉलेजची फी मात्र झेपणारी नाही. मुलगी वर्गात दुसरी आली. "पयलीच आली असती," ते म्हणाले, "पण पेपराच्या टाइमाले ताप होता. ते नका लिहू. ते बहाणा वाटते."

माझा डबा तसाच राहिला. लिहून झाल्यावर मी त्यांना वाचायला दिलं. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत पूर्ण वाचलं.

"भाऊ, एक सांगते. या पत्रानं काम होईलच असं नाही."

"होईल तं बरंच हाय. नाई तं दुसरं पाहू. पोरगी शिकलीच पायजे, त्याले मी मनाई नाई करून राहिलो. फक्त तो पयला कागद माह्या सहीनं नाई जाणार."

मग त्यांनी डाव्या हातानं सही केली. मुलीला आत बोलावून मी फॉर्म स्कॅन केला आणि पाठवून दिला.

ऑगस्टमध्ये यादी लागली. तिचं नाव नव्हतं. पांढुर्ण्याकडच्या एका मुलाचं होतं. त्याचं पत्र मी तिच्या पत्राच्याच आठवड्यात, माझ्या जुन्या पद्धतीनं लिहिलं होतं. त्याची आई जामसांवलीच्या मारुतीला नारळ फोडून आली आणि मला प्रसाद देऊन गेली. मी तो खाल्ला. तिला काय सांगणार होते मी.

यादीची वाट न पाहता मुलीनं आधीच सौंसरच्या सरकारी कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं होतं. राज्याची छात्रवृत्ती तिला मिळणार होती, उशिरा का होईना. एका मार्कशीटवर शिक्का राहिला होता, म्हणून ती शाळेत आली. शिक्का मारून दिला तरी ती उभीच.

"मॅडम, पयलं पत्र पाठवलं असतं तं नाव लागलं असतं का?"

"माहीत नाही गं."

"मले वाटते लागलं असतं." तिनं मार्कशीट पिशवीत सरकवली. "तवा मी बाबाच्याच बाजूनं होती. आता कधी कधी नसते. बाबाले नका सांगू मी असं विचारलं म्हणून."

"नाही सांगणार."

ती गेल्यावर मी शिक्क्याची नोंद रजिस्टरमध्ये केली. तिच्या वडिलांचं बरोबर होतं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण त्याची किंमत ज्या मुलीला द्यावी लागली ती आत्ताच दारातून गेली होती.

पुढच्या वर्षी मी पत्रं लिहायची नाही असं ठरवलं. फॉर्म भरून देईन, पत्र तुमचं तुम्ही आणा. मुलं बसस्टँडजवळच्या ऑनलाइनच्या दुकानात गेली. तिथं एकच पत्र तयार होतं, नावं बदलून सगळ्यांना छापून मिळायचं. एका मुलीच्या पत्रात तिच्या धडधाकट आईच्या नावाआधी 'स्वर्गीय' लागलेलं होतं. तिनं वाचलंही नव्हतं. मी ते पत्र बाजूला ठेवलं आणि तिला म्हटलं, उद्या आईला घेऊन ये.

तेव्हापासून असंच चालू आहे. आई-वडील समोर बसतात, ते सांगतात, मी लिहिते आणि वाचून दाखवते. आधी दिवसाला आठ पत्रं व्हायची, आता दोन होतात. काहींचं काम होतं, काहींचं होत नाही. ती मोहगावची मुलगी बी.एस्सी. झाली आणि छिंदवाड्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. नर्सिंगचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, मीही विचारलं नाही. या जूनमध्ये माझी चारची बस जवळजवळ रोजच चुकली. सहाच्या बसला गर्दी असते, पांढुर्ण्यापर्यंत उभंच राहावं लागतं.